हत्यारपेटीचा वारसा आणि हौशी हात

खंडेनवमीच्या दिवशी हत्यारे घासून-पुसून, त्यांस गंध-फूल वाहून पाटावर मांडण्याची चाल आपल्या सुतार समाजात कित्येक पिढ्यांची आहे. त्या दिवशी करवतीस विसावा असतो, रंध्याच्या पात्यावरून तेलाचा हात फिरलेला असतो आणि घरी आलेला पाहुणा प्रथम हत्यारांपुढे हात जोडतो. गेल्या काही वर्षांत मात्र नवी मुंबईच्या वाशी, नेरूळ, खारघर इत्यादी वसाहतींतून एक नवा प्रकार आमच्या दृष्टीस पडू लागला आहे. बँकेत, संगणकाच्या कचेरीत किंवा औषधांच्या कारखान्यात नोकरी करणारी माणसे, ज्यांच्या घराण्यात कोणी कधी पटाशी हाती धरली नाही अशीही माणसे, केवळ हौसेखातर सुतारकामाची हत्यारे विकत घेतात. बॅटरीवरचे ड्रिल, विजेचा रंधा, घासणीचे यंत्र, परदेशी बनावटीच्या पटाशा असे काही नवे आणले की ती ते शेजाऱ्यास बोलावून दाखवितात, एकमेकांस वापरावयास देतात आणि सुट्टीच्या दिवशी इमारतीच्या वाहनतळाशी बसून मांडण्या, स्टुले, पक्ष्यांची घरटी तयार करतात.

हे पाहून आपल्या ज्ञातीतील काही वडीलधारी मंडळी खिन्न होतात. “ज्या कामाची आमच्या मुलांस लाज वाटते, त्याच कामाचा यांनी खेळ मांडला आहे,” असे उद्गार आम्ही अनेकदा ऐकले आहेत. ही खंत समजण्यासारखी आहे. आपल्या कित्येक घरांत वडिलांची हत्यारपेटी आज माळ्यावर गंजत पडली आहे आणि काही पेट्या तर घर बदलताना वजनावर भंगारात गेल्या आहेत. तेव्हा या हौशी लोकांकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे आणि आपल्या पेटीचे पुढे काय करावे, हा प्रश्न केवळ भावनेचा राहत नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्या हत्यारांचा इतिहास थोडा चाळून पाहावा, असे आम्हांस वाटते.

जुन्या गावगाड्यात हत्यार हे एकट्याच्या उपभोगाचे कधीच नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बलुतेदारीच्या व्यवस्थेचे जे विस्तृत विवेचन आहे, ते आपल्या समाजातील प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने वाचावे अशा योग्यतेचे आहे. सुतार आणि लोहार यांची गणना बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत पहिल्या ओळीत होते. नांगर, कुळव, पाभर, मोटेचे चाक, गाडीचा जू हे सारे सुताराने करावे व दुरुस्त करावे आणि सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने आपले बलुते घ्यावे, असा तो व्यवहार होता. लाकूड बहुधा शेतकऱ्याचे असे. हत्यार आणि हात सुताराचे. म्हणजे गावात एकच पेटी असे, पण तिचा उपयोग सर्व गावास होई. आज हत्यारे सामाईक ठेवण्याची जी कल्पना नवी म्हणून सांगितली जाते, तिचे एक रूप आपल्या पूर्वजांच्या अंगणात नांदत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि या चित्राची दुसरी बाजूही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. हत्यार गावाच्या उपयोगाचे असले तरी त्याची विद्या घरात कोंडलेली होती. सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे आणि इतराने वाकसाला हात लावू नये, असा दंडक दोन्ही बाजूंनी पाळला जाई. ज्यास त्या कामाची आवड नाही त्याच्या गळ्यात ते जन्माने पडे आणि ज्यास आवड असे त्यास जन्मच आडवा येई. कामाची प्रतिष्ठा कमी झाली ती याच कोंडीमुळे. जे काम निवडता येत नाही, त्याचा अभिमान बाळगणे मोठे कठीण असते.

आता आपल्या पेटीतील एकेक हत्यार हाती घेऊन त्याचे नाव उच्चारून पाहा. ‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ या शब्दापासून आला. ‘रंधा’ आणि काटकोन पाहण्याचा ‘गुण्या’ हे शब्द फारसीतून आले. हातोड्यास आपल्याकडे ‘मारतूल’ म्हणतात, तो पोर्तुगीजांचा ‘मार्तेलो’ होय. दाराची ‘बिजागरी’ही त्यांच्याच भाषेतील. भोक पाडण्याचे ‘गिरमिट’ इंग्रजी ‘गिम्लेट’ या शब्दावरून झाले. आणि आजचा कारागीर ‘ड्रिल’, ‘ग्राइंडर’ हे शब्द घरच्यासारखे वापरतो. जी पेटी आपण केवळ आपली म्हणून पुजतो, तिच्यात इतक्या देशांची नावे एकत्र नांदत आहेत. ही हत्यारे आकाशातून पडली नाहीत. कोणी तरी, कोठे तरी, परक्याने आणलेले हत्यार कौतुकाने पाहिले, हाती घेऊन चालविले आणि नावासकट आपल्या पेटीत ठेवले. नवे हत्यार दाखविणे आणि दुसऱ्याचे पाहणे, ही आज हौशी मंडळींची जी आवड दिसते, तिच्याच पायावर आपली विद्या वाढली आहे.

याचा एक ठळक दाखला आपल्या नवी मुंबईच्या अगदी दारातच सापडतो. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीचा प्रांत हाती आल्यानंतर आरमार उभारण्यास आरंभ केला. १६५९ च्या सुमारास कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे जहाजांची बांधणी चालू असल्याचे उल्लेख पोर्तुगीज कागदपत्रांत आढळतात. या कामावर रुय लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याची माणसे होती. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी फूस दिल्यामुळे ही मंडळी काम अर्धे टाकून निघून गेली. परंतु त्यामुळे आरमार बुडाले नाही; बांधणी पुढे चालूच राहिली आणि त्या आरमाराने पुढे पश्चिम किनाऱ्यावर दरारा निर्माण केला. परक्याकडून पाहून शिकलेली गोष्ट हाताने आपलीशी केली, म्हणजे परका निघून गेला तरी ती विद्या आपल्यापाशी राहते, हा या प्रसंगाचा बोध होय.

पुढे १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने येथील गोदीत सागवानी जहाजे बांधण्याची मोठी परंपरा निर्माण केली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेले आहे. जहाज बांधणाऱ्या घराण्याचे नाव इतिहासात राहिले, हे योग्यच झाले. परंतु त्याच्या फळ्या ज्यांनी तासल्या, त्या असंख्य सुतारांची नावे सामान्य वाचकास कोठे आढळत नाहीत. आपल्या समाजाच्या इतिहासाचे असेच आहे. वस्तू टिकली, हात विसरला गेला.

यंत्रयुगाचा पहिला मोठा धक्का आपल्या धंद्यास नांगराच्या रूपाने बसला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. मुंबईस शिक्षकाची नोकरी करीत असताना त्यांस यंत्रांची गोडी लागली, १८८८ साली त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले आणि कालांतराने लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते, अशा समजुतीने शेतकरी प्रारंभी तो घेण्यास धजत नसत. पण १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर हळूहळू गावोगाव पोहोचला. त्याबरोबर लाकडी नांगराचे काम, आणि त्या कामाचे बलुते, आटत गेले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा बदल घडविणारा मनुष्य सुताराच्या किंवा लोहाराच्या कुळात जन्मलेला नव्हता. एका शिक्षकाच्या यंत्राच्या नादातून तो उद्योग जन्मला. हौशी मनुष्यास हसू नये, हे आम्हांस या उदाहरणावरून विशेष वाटते.

गावात काम आटले तेव्हा आपले लोक शहराकडे वळले. गिरण्या, रेल्वेचे कारखाने, गोदी यांनी त्यांस पोटास लावले. नंतर १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ठाणे आणि तेव्हाचा कुलाबा या जिल्ह्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवे शहर उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आणि १९७३ साली वाशीचा खाडीपूल रहदारीस खुला झाला. काँक्रीट ओतण्यापूर्वी जो फळ्यांचा साचा उभारावा लागतो, तो सुताराचाच. दारे-खिडक्यांच्या चौकटीही त्याच्याच. १९९२ साली वाशीपर्यंत लोकल गाडी आली, त्याच वर्षी महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि वस्ती झपाट्याने वाढली. त्या काळात घरोघर कपाटे व ओटे करण्याचे इतके काम असे की, कुशल सुतारास दिवस पुरत नसे. आज या नगरास जे घरपण आहे, त्यात आपल्या मागच्या पिढीचा घाम मुरलेला आहे, हे आपल्या मुलाबाळांस आवर्जून सांगितले पाहिजे.

परंतु त्याच काळात कामाचे स्वरूपही पालटले. सागवानाच्या जागी प्लायवूड आले, रंध्याने गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागाच्या जागी चिकटविलेला सनमायका आला आणि अखेरीस कारखान्यात कापून आणलेले, फक्त स्क्रूने जोडावयाचे सामान आले. सांधा घालण्याची विद्या, म्हणजे साल आणि कुसू एकमेकांत खिळ्याशिवाय बसविण्याचे कसब, दररोजच्या कामातून निघून गेले. मुले शिकली, अभियंते झाली, कचेरीत गेली. हे चांगलेच झाले. मात्र पेटी माळ्यावर गेली.

विजेच्या हत्यारांची कथाही थोडक्यात पाहण्यासारखी आहे. भोक पाडणे ही मनुष्याची फार जुनी कला. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी दाढा सापडल्या आहेत. त्यांत गारगोटीच्या टोकाने कोरलेली बारीक भोके आढळली असून, ती धनुकलीने फिरविलेल्या सामत्यासारख्या साधनाने पाडली असावीत, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. आपल्या आजोबांच्या हातातला सामता तो याच कुळातला. १८९५ साली जर्मनीतील फाइन या कारखान्याने हाती धरून चालविता येईल असे विजेचे ड्रिल काढले. १९१७ साली अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या दोघांना पिस्तुलासारखी मूठ व चाप असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांतील कामगार घरच्या दुरुस्तीसाठी ही ड्रिले गुपचूप घरी नेत, असे सांगतात; त्यावरून सामान्य गृहस्थासही हे हत्यार हवे आहे हे मालकांनी ओळखले आणि १९४६ साली घरगुती वापराची स्वस्त ड्रिले बाजारात आणली. १९६१ साली बॅटरीवरचे ड्रिल निघाले. हौशी कारागीर हा नवा वर्ग या क्रमातून जगभर जन्मास आला. नवी मुंबईत तर भिंती काँक्रीटच्या. साधी तसबीर टांगावयाची तरी ठोके देत फिरणारे ड्रिल लागते. म्हणून येथील गृहस्थाचे पहिले हत्यार बहुधा तेच असते आणि पुढील छंदाची सुरुवातही तेथूनच होते.

पण ड्रिल घरी येऊन वर्षातून किती वेळा चालते? फार तर चार-सहा वेळा. हा विचार इतरत्र फार पूर्वी झाला. १९४३ साली, युद्धाच्या टंचाईत, अमेरिकेतील ग्रोस पॉइंट गावाच्या ग्रंथालयातून पुस्तकांप्रमाणे हत्यारेही वाचकांस घरी मिळू लागली. १९७९ साली बर्कली शहराच्या ग्रंथालयाने तशीच सोय केली. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी सामाईक कार्यशाळा निघाल्या. तेथे वृद्ध माणसे शेजारी शेजारी उभी राहून काम करतात आणि काम करता करता मनातले बोलतात. निवृत्तीनंतरचे एकाकीपण किती जड असते, हे आमच्या वयाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

आपल्या महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने शहरातील नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापिला. हाताने काम करीत शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र आहे. अमेरिकेतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेने संगणकावर चालणाऱ्या सामाईक यंत्रशाळांची जी कल्पना काढली, तिची परदेशातील अगदी पहिल्या केंद्रांपैकी एक शाळा २००२ साली याच पाबळमध्ये उभी राहिली. २०१३ साली मुंबईत ‘मेकर्स असायलम’ ही सर्वांस खुली कार्यशाळा वैभव छाब्रा यांनी सुरू केली. शासनानेही १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचा आरंभ केला. तीत १८ परंपरागत व्यवसायांतील कारागिरांस प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साह्य आणि अल्प व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे. सुतार आणि नाव बांधणारा हे दोघेही त्या यादीत आहेत. म्हणजे हत्यार आज दुर्मिळ राहिलेले नाही. मुंबईच्या नागदेवी रस्त्यावर जाण्याचीही गरज उरली नाही. घरबसल्या मागविता येते.

मग दुर्मिळ काय आहे? आमच्या मते दुर्मिळ झाली आहे ती धार. गेल्या दोन-तीन वर्षांत काही हौशी तरुणांची हत्यारे आम्ही कुतूहलाने पाहिली. पटाशी उंची पोलादाची होती, मूठ सुबक होती. परंतु कारखान्यातून आली तशीच वापरीत असल्यामुळे ती लाकूड कापण्याऐवजी फाडीत होती. पटाशीची पाठ प्रथम दगडावर सपाट करावी, उतार साधारण पंचवीस अंशांचा ठेवावा, टोकाशी किंचित अधिक उभा करून शेवटचा हात द्यावा आणि पाठीमागे वळलेली बारीक कोर काढून टाकावी, हे त्यांस कोणी सांगितलेच नव्हते. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने चढतात त्या दिशेने रंधा मारावा, उलट मारल्यास ढलपे निघतात, ही गोष्ट आपल्या घरातील शेंबडे पोरही एके काळी जाणत असे. ती या हुशार तरुणांस ठाऊक नव्हती, आणि सांगताच त्यांचे चेहरे जे उजळले ते पाहण्यासारखे होते. त्यातील एकाने आमच्या शेजारच्या एका वृद्ध ज्ञातिबांधवास तेथल्या तेथे विचारले, “काका, दर रविवारी याल का?” त्या काकांच्या स्वतःच्या मुलाने हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

दुसरी दुर्मिळ गोष्ट म्हणजे जपणूक. हाताचे हत्यार चुकले तर बोट कापते. विजेचे चुकले तर बोट जाते. फिरत्या यंत्रापाशी सैल बाही, गळ्यातील उपरणे, हातमोजे, लोंबणारी वेणी असू नये. डोळ्यांस चष्मा असावा. पाते बदलण्यापूर्वी वीज तोडावी अथवा बॅटरी काढून ठेवावी. ग्राइंडरवरील संरक्षक पत्रा अडचण होते म्हणून काढून टाकू नये. हे नियम छापील कागदात असतात, पण जुन्या माणसाने एकदा डोळे वटारून सांगितले म्हणजे ते जन्मभर ध्यानात राहतात.

यावरून आम्हांस स्पष्ट दिसते ते असे. हौशी मंडळींपाशी हत्यार आहे, उत्साह आहे आणि कामास कमी न लेखणारी दृष्टी आहे. आपल्यापाशी विद्या आहे. पण ती ज्यांच्या हाती आहे ते हात सत्तरीच्या पुढे गेले आहेत. ही विद्या घरातील मुलांनीच घ्यावी असा हट्ट धरला, तर आणखी दहा-पंधरा वर्षांत ती घेण्यास कोणी आणि देण्यास कोणी उरणार नाही. ती मागणारा मनुष्य दारी आला असताना त्याचे कूळ विचारणे म्हणजे गावगाड्यातील जुनी कोंडी पुन्हा बांधणे होय. शिवाय आमचा असा अनुभव आहे की, परक्याने मान दिलेल्या कामाकडे घरची मुलेही निराळ्या नजरेने पाहू लागतात. आजोबांभोवती शेजारची चार माणसे शिकावयास जमली की, नातू आणि नातही हळूच येऊन उभी राहतात. नातीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. आजवर हत्यारांना गंध लावण्यापलीकडे आपल्या मुलींस ती हाती मिळाली नाहीत. आता हलकी, बॅटरीवरची हत्यारे आली असताना ही मर्यादा ठेवण्यास काहीच कारण नाही.

म्हणून आमची मंडळास नम्र सूचना अशी आहे. ज्या घरी जुन्या पेट्या पडून आहेत त्यांनी त्या भंगारात न देता मंडळाच्या स्वाधीन कराव्यात. प्रत्येक हत्यारावर ते कोणाचे, कोणत्या गावचे आणि ते चालविणाऱ्याने काय काय घडविले याची चिठ्ठी असावी. म्हणजे ज्यांची नावे कोणत्याही इतिहासात आली नाहीत, ती निदान आपल्या नोंदवहीत येतील. त्या हत्यारांस धार लावून ती वापरात ठेवावीत, काचेच्या कपाटात बंद करू नयेत. जोडीला विजेची काही हत्यारे मंडळाने घ्यावीत आणि नोंद करून ती ज्ञातीतील व ज्ञातीबाहेरील गरजूंस द्यावीत. आठवड्यातून एक दिवस दोन वृद्ध कारागीर तेथे बसतील, एवढी व्यवस्था झाली तरी पुष्कळ झाले. माघ शुद्ध त्रयोदशीस, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी, या कामास प्रारंभ व्हावा. खर्च फार नाही. एका स्नेहभोजनाच्या खर्चात एक चांगले कामाचे टेबल, दोन पकडी आणि धारेचे दगड सहज येतील.

आपल्या पूर्वजांनी फारसी रंधा घेतला, पोर्तुगीज मारतूल घेतला, इंग्रजी गिरमिट घेतले. आणि घेताना कमीपणा मानला नाही. आता आपली देण्याची पाळी आली आहे. ज्या हातांना ही विद्या येते त्यांनी ती मागेल त्यास द्यावी आणि ज्यांच्या माळ्यावर पेटी आहे त्यांनी ती या दिवाळीपूर्वी खाली काढून तिचे झाकण उघडावे, एवढीच आमची सर्व ज्ञातिबंधू-भगिनींस विनंती आहे.